आधी ओढायचं, मग भरवायचं

लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये जॉन राइल या डॉक्टरांनी १९२१ साली एक बारीक रबरी नळी वापरात आणली. हेतू भरवण्याचा नव्हता. जठरातला रस थोडा थोडा बाहेर काढून तपासायचा होता. हेच राइल पुढे ऑक्सफर्डला सामाजिक वैद्यकाचे पहिले प्राध्यापक झाले. पण आपल्या वॉर्डांत त्यांचं नाव उरलं ते नळीपुरतं. राइल्स ट्यूब, केसपेपरवर तर नुसतंच ‘आरटी’.

काढण्यासाठी केलेल्या नळीतून आज पक्षाघाताचा, डोक्याला मार लागलेला, घशाच्या कर्करोगाचा रुग्ण जेवतो. तरीही जाणती सिस्टर प्रत्येक फीडआधी राइलांचंच काम करते: सिरिंज लावून आधी ओढते.

नळी आत किती घालायची, याचं माप रुग्णाच्याच अंगावर घेतात. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. शुद्धीतल्या माणसाला घोट गिळायला सांगत ती सरकवता येते. बेशुद्ध माणसाच्या बाबतीत मात्र ती श्वासनलिकेत शिरली तरी खोकला येईलच असं नाही. अशा नळीतून दूध सोडलं, तर ते थेट फुप्फुसात.

म्हणून नळीचं टोक कुठे आहे, हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडची रूढ रीत म्हणजे सिरिंजने हवा सोडायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून गुडगुड ऐकायची. ही रीत फसवी आहे, कारण टोक फुप्फुसात असलं तरी तसाच आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ सालीच तिच्यावर विसंबू नका, असं बजावलं. त्याऐवजी ओढलेला रस आम्लता मोजणाऱ्या पीएच पट्टीवर टाकायचा, ५.५ किंवा त्याहून कमी आकडा आला तर नळी जठरात आहे असं धरतात. ॲसिडिटीची औषधं चालू असतील तर हा आकडा चढलेला दिसू शकतो. रस आलाच नाही किंवा शंका उरली, तर एक्स-रे. पट्टी काही महागडी वस्तू नव्हे. ती हाताशी नसणं हे मला सवयीचं लक्षण वाटतं, गरिबीचं नव्हे.

भरवताना खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश वर हवं, आणि नंतरही काही वेळ तसंच. सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरली की फीड आपल्या ओघाने उतरतं. दट्ट्याने रेटलं की काम लवकर उरकतं, पण पोट फुगतं, उलटी होते. रात्रपाळीला एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो, तेव्हा हा ओघ कुणाला परवडणार? मग सिरिंज नातेवाइकांच्या हाती येते, बहुतेकदा सुनेच्या नाहीतर मुलीच्या. तिला ‘दर दोन तासांनी द्या’ एवढंच सांगितलेलं असतं. नाकपुडीपाशी नळीवर खूण करून ती सरकली का ते बघा, रुग्ण खोकू लागला तर तिथेच थांबा, हे सांगायचं राहून जातं.

नळी तुंबते ती बहुधा औषधांमुळे. गोळ्यांची पूड फीडमध्ये कालवणं हा सर्रास चालणारा प्रकार. प्रत्येक औषध वेगळं, पाण्यात नीट विरघळवून द्यावं आणि आधी-नंतर पाण्याने नळी धुवावी. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली, तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. फिट्सवरच्या फेनिटॉइनची तऱ्हा वेगळी: ते फीडसोबत दिलं की रक्तात कमी उतरतं आणि झटके पुन्हा येऊ शकतात. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला तर पहिल्याच दिवशी पोटभर देऊ नये. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरून जिवावर बेतू शकतं.

आणि तोंड? नळीवरच्या माणसाचं तोंड वापरात नाही म्हणून ते स्वच्छ राहतं असं नाही, उलट कोरडं पडतं, त्यात जंतू वाढतात. ते रोज पुसायला हवं.

मुंबईच्या केईएममध्ये स्वतःवर झालेल्या १९७३ च्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना तिथल्या परिचारिकांनी वर्षानुवर्षं वाटलेलं अन्न तोंडाने भरवलं. सप्टेंबर २०१० मध्ये ताप आला, खाणं घटलं, तेव्हा राइल्स ट्यूब घालावी लागली. त्यांचं अन्न थांबवावं, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे होती. परिचारिकांनी तिला विरोध केला आणि ७ मार्च २०११ ला ती फेटाळली गेली. नळीतून देतात ते उपचार की जेवण, यावर कायद्याचे जाणकार वाद घालत आले आहेत. न्यायालयाने तपासणीला पाठवलेल्या डॉक्टरांच्या अहवालात मात्र एक साधी नोंद आहे: मुख्य आहार नळीतून सुरू झाल्यावरही अरुणा अधूनमधून तोंडाने पातळ पदार्थ घेत होत्या. म्हणजे कुणीतरी ते देऊन पाहत होतं.