फिल्टर कॉफी: सगळं काही डिकॉक्शनवर!

माटुंग्याच्या उडुपी हॉटेलात मिळते तशी कॉफी घरी हवी असेल, तर दुधाआधी डिकॉक्शनकडे लक्ष द्या.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोकं असतात. त्यात दोघांसाठी तीन मोठे चमचे पावडर घाला आणि वर चकती अलगद ठेवा. जोरात दाबलीत तर पाणी खाली उतरणारच नाही. पावडर फार बारीक असली तरी तेच होतं. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग हळूहळू ओता, झाकण लावा आणि १५-२० मिनिटं हातही लावू नका. थेंबथेंब उतरलेलं ते दाट, काळं डिकॉक्शन म्हणजे या कॉफीचा जीव.

आता चिकोरी. ही भाजलेली मुळी असते. तिच्यात कॅफिन नसतं, पण तिच्यामुळे रंग आणि दाटपणा येतो. पावडरच्या पाकिटावर कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचाच. मला ८०:२० आवडतं. ४० टक्क्यांच्या पुढे चिकोरी गेली, की कॉफीचा स्वतःचा स्वाद दबतो, असं माझं ठाम मत आहे.

दूध सायीचं आणि नुकतंच उकळलेलं घ्या. डिकॉक्शन मात्र कधीही उकळू नका, कडवट होतं. आधी साखर, त्यावर डिकॉक्शन, मग दूध. शेवटी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओता: साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी निवते.

तुमच्याकडे कोणतं प्रमाण चालतं? कमेंटमध्ये नक्की सांगा.