मशरूम रॉकपुढचे मोर

२०२५ चा गुढीपाडवा रविवारी आला. त्याच दिवशी हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबोवलीच्या ४०० एकर झाडीत बुलडोझर शिरले, आणि पाठोपाठ मोबाइलवर चित्रांचा पाऊस पडला. त्यातलं एक संगणकाने जपानी ‘गिबली’ कार्टूनपटांच्या शैलीत रंगवलेलं: विद्यापीठातला प्रसिद्ध मशरूम रॉक, बुलडोझर आणि त्यांच्यासमोर मोर-हरणं. अशी चित्रं बनावट आहेत, असं सरकारने म्हटलं. हे चित्र पुढे पाठवल्याबद्दल एका सनदी अधिकाऱ्याला पोलिसांची नोटीसही गेली.

बनावट म्हणायचं, तर अमेरिकी चित्रकार थॉमस मोरानलाही सोडता येणार नाही. १८७१ साली हेडन यांच्या सरकारी सर्वेक्षण तुकडीबरोबर तो यलोस्टोनला गेला आणि तिथली दरी त्याने बारा फुटी कॅनव्हासवर उभी केली. पण जशीच्या तशी नव्हे. वेगवेगळ्या जागांवरून दिसणारे कडे त्याने एकाच चौकटीत आणून बसवले, आणि हे तो लपवतही नसे. अमेरिकी काँग्रेसने ते चित्र १०,००० डॉलरला घेतलं. त्या चित्रामुळेच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं, असं सर्रास सांगतात. खरं तर कायद्यावर सही झाली १ मार्च १८७२ ला; तोवर कॅनव्हास पुरादेखील झाला नव्हता. कायद्यासाठी खटपट करणाऱ्यांच्या हाती होती ती मोरानची छोटी जलरंगचित्रं आणि त्याच तुकडीतल्या विल्यम हेन्री जॅक्सनचे फोटो. रंगांवर कोणी शंका घेतलीच, तर फोटो पुढे करता येई.

हैदराबादेत जॅक्सनचं काम उच्च न्यायालयाच्या निबंधकांनी केलं. ते जागेवर जाऊन आले; ३ एप्रिलला त्यांचा अहवाल पाहून सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं. सुमारे शंभर एकर उद्ध्वस्त झाल्याचं त्यात होतं, आणि मोर-हरणं दिसल्याचंही. म्हणजे गिबलीतले प्राणी हवेतून आले नव्हते. चित्रासाठी रांगेत उभे केले होते, इतकंच.

मोरानच्या चित्राचा नायक मात्र कडा आहे, प्राणी नव्हेत. आपल्याकडे खडक नुसता पडद्यासारखा मागे. हैदराबादचा हा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा. तो वाचवण्यासाठी ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ १९९६ पासून धडपडते आहे, लोकांना खडकांत फिरायला नेते आहे. माधापूरच्या बाजूला इमारतींसाठी तो फुटत राहिला, तेव्हा एवढी चित्रं काही फिरली नाहीत.