विश्लेषण : जंगलात मेटल डिटेक्टरचा ‘बीप’ वाजतो, पण पुरावा कधी ठरतो?

१ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यात दादापूर येथे माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरील वाहने पेटवून दिली होती. गुन्हा घडला होता, घटनास्थळही ठरलेले होते. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती दलाचे वाहन जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवण्यात आले. १५ पोलीस आणि वाहनचालक जागीच गेले.

शहरात गुन्हा घडला की पोलीस आधी पट्टी लावून जागा बंद करतात आणि मग पुरावा शोधतात. गडचिरोलीत घटनास्थळापर्यंत जाणारी वाटच आधी तपासावी लागते. त्यामुळे इथे पोलिसांच्या हाती सर्वांत पुढे असतो तो मेटल डिटेक्टर. वाट मोकळी झाली की तेच यंत्र दुसऱ्या कामाला लागते, म्हणजे रिकामी काडतुसे, गोळ्या, पुरलेली शस्त्रे किंवा वाघासाठी लावलेला लोखंडी सापळा शोधण्याच्या. ही दोन्ही कामे दिसायला सारखी असली, तरी त्यांची शिस्त वेगळी आहे. पहिल्या कामात बीप वाजला की मागे सरायचे असते. दुसऱ्यात बीप वाजला की जवळ जायचे, पण हात लावायचा नाही.

यंत्र नेमके ओळखते काय?

मॉलच्या दारातली चौकट, सुरक्षारक्षकाच्या हातातली पट्टी आणि जंगलात वापरला जाणारा ‘डीप सर्च मेटल डिटेक्टर’ या तिन्हींचे तत्त्व एकच. दांड्याच्या टोकाला असलेल्या थाळीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीत धातू असेल तर त्या क्षेत्रामुळे धातूच्या अंगात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरू लागतात. या प्रवाहांचेही स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. थाळीतले दुसरे वेटोळे ते पकडते आणि हेडफोनमध्ये आवाज येतो.

म्हणजे यंत्र काडतूस ओळखत नाही, वीज वाहून नेणारी वस्तू ओळखते. चपलेचा खिळा, बैलाच्या गळ्यातले घुंगरू, सायकलचा तुटका स्पोक, बाटलीचे बूच या सगळ्यांना बीप मिळतो. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्ही मिनी प्रोजेक्ट म्हणून मेटल डिटेक्टर बनवला होता. परीक्षक आले आणि तो थांबेचना. प्रयोगशाळेच्या टेबलाला लोखंडी चौकट आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आले नव्हते!

अशी फजिती थोरामोठ्यांचीही झाली आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच यंत्र तयार केले होते. गोळी सापडली नाही. गादीखालच्या पोलादी स्प्रिंगांनी संकेत बिघडवले आणि डॉक्टरांनी शोध शरीराच्या एकाच बाजूला घ्यायला लावला, अशी दोन कारणे सांगितली जातात. यंत्र चुकीचे नव्हते. शोधण्याची जागा आणि आजूबाजूचे लोखंड यांनी घात केला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीत अडचण काय?

या भागात आजूबाजूचे लोखंड म्हणजे खुद्द जमीन. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर लोहखनिजाचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा हे नावच बोलके आहे. पूर्व विदर्भात ठिकठिकाणी लोहयुक्त तांबडी, जांभ्या दगडाची माती आहे. अशा मातीतील काही खनिजे स्वतःच चुंबकीय प्रतिसाद देतात आणि खऱ्या वस्तूचा संकेत त्या गोंगाटात बुडतो. कंबोडिया, मोझांबिक यांसारख्या देशांत युद्धानंतर सुरुंग काढणाऱ्यांनाही याच प्रकारच्या मातीने छळले.

त्यावर उपाय म्हणजे ‘ग्राउंड बॅलन्स’. शोध सुरू करण्याआधी जवळच्या स्वच्छ जागेवर थाळी काही वेळा वर-खाली करून या मातीचा आवाज कोणता, हे यंत्राला शिकवले जाते. नाल्याकाठची ओली माती आणि टेकडीवरची कोरडी माती यांचा आवाज वेगळा असतो, त्यामुळे जागा बदलली की हे पुन्हा करावे लागते. घाईत हीच पायरी गळण्याची भीती जास्त.

खोलीचेही असेच आहे. लहान वस्तूपासून थाळीचे अंतर दुप्पट झाले, तर परत येणारा संकेत सुमारे ६४ पटींनी क्षीण होतो. म्हणून मोठा लोखंडी डबा खोलवरही सापडतो, पण बोटाएवढे काडतूस साधारण वीतभर खोलीच्या पुढे निसटते. सागाच्या जंगलात उन्हाळ्यात पानांचा जाड थर असतो. त्या थरावरून थाळी फिरवली की काही सेंटिमीटर तिथेच वाया जातात. त्यातच शोधणाऱ्या जवानाच्या खांद्यावर रायफल आणि कमरेला मॅगझीन असते. ती थाळीजवळ आली तरी बीप.

आणखी एक तांत्रिक खाच आहे. बाजारातील अनेक डिटेक्टरवर ‘लोखंड वगळा’ अशी सोय असते. गुप्तधन शोधणाऱ्यांना ती आवडते. पोलिसांसाठी मात्र ती घातक ठरू शकते. इन्सास किंवा एसएलआर रायफलीचे काडतूस पितळी असते, पण एके प्रकारच्या रायफलींची अनेक काडतुसे पोलादी असतात. लोखंड वगळले, तर एकाच बाजूने झाडलेल्या गोळ्यांची नोंद होण्याचा धोका!

रिकाम्या काडतुसाला इतके महत्त्व का?

गोळी झाडताना बंदुकीची पिन काडतुसाच्या बुडावर आपटते आणि तिथे खूण उमटते. काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाचाही ओरखडा राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली संशयित बंदुकीशी ताडून पाहता येतात. ते काडतूस कोणत्या शस्त्रातून उडाले हे त्यावरून कळू शकते.

पण ते कुठे सापडले, हे तितकेच मोलाचे. एके रायफल रिकामे काडतूस उजवीकडे काही मीटरवर फेकते. म्हणजे काडतुसांचा पुंजका पाहून झाडणारा साधारण कुठे उभा होता, एका जागी होता की पळत होता, याचा अंदाज बांधता येतो. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न येथे जनरल कस्टरची तुकडी मूलनिवासी योद्ध्यांनी संपवली. १९८३ मध्ये तिथले गवत वणव्यात जळाले आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टरने ते माळरान विंचरून काढले. प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर टिपली, खुणा जुळवल्या आणि एकेक बंदूक मैदानात कशी सरकत गेली हे शंभर वर्षांनी मांडून दाखवले. सगळी काडतुसे एका पिशवीत भरली असती, तर त्यांना फक्त पितळ मिळाले असते.

गडचिरोलीत हा मुद्दा पुस्तकी नाही. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया आणि जिमलगट्टा परिसरातील चकमकींत मिळून ४० माओवादी ठार झाल्याचे पोलिसांनी सांगितले. मानवी हक्क कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन पथकाने चकमकीवर प्रश्न उपस्थित केले, पोलिसांनी ते फेटाळले. अशा वादात दोन्ही बाजूंच्या शब्दांपलीकडे बोलू शकणारी गोष्ट म्हणजे जमिनीवर पडलेली काडतुसे आणि त्यांच्या जागा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणात चकमकींच्या तपासाचे नियम घालून दिले. स्वतंत्र तपास, घटनास्थळावरील पुराव्याचे जतन आणि सहभागी पोलिसांची शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करणे, हे त्यात आहे. नीट केलेला शोध खऱ्या कारवाईतील जवानालाही वाचवतो, हे या चर्चेत अनेकदा विसरले जाते.

एका बाबतीत मात्र डिटेक्टर हतबल आहे. या भागातील भरमार बंदूक नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून उडवली जाते. तिच्यातून काडतूस बाहेर पडतच नाही. शोधायचे तर फक्त विखुरलेले छर्रे.

वाघाच्या शिकारीत काय शोधतात?

चंद्रपूरकरांना मेटल डिटेक्टर आठवतो तो बहुधा वाघांमुळे. २०१२ च्या उन्हाळ्यात ताडोबालगतच्या पळसगाव वनक्षेत्रात लोखंडी सापळ्यात अडकून वाघाचा मृत्यू झाला. त्याच हंगामात चंद्रपूरजवळच्या बोर्डा येथे तुकडे केलेला वाघ आढळला. जबड्यासारखा मिटणारा हा सापळा वाघाच्या नेहमीच्या वाटेवर, पाणवठ्याजवळ पालापाचोळ्याखाली दडवलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण डिटेक्टरला तो सोपा. कारण तो वजनदार आहे, लोखंडी आहे आणि फारसा खोल नाही.

२०२३ च्या जूनअखेरीस वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने देशातील व्याघ्रक्षेत्रांना ‘रेड अलर्ट’ दिला, त्यात ताडोबासह चंद्रपूर आणि गडचिरोलीची नावे होती. त्याच सुमारास गुवाहाटीत वाघाचे कातडे आणि हाडे पकडली गेली. धागा गडचिरोलीजवळच्या आंबेशिवणीपर्यंत आला आणि तिथे लोखंडी सापळे जप्त झाले. जानेवारी २०२५ मध्ये राजुऱ्यात पुन्हा संघटित टोळीचे प्रकरण उघडकीस आले.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीनुसार वाघाचा प्रत्येक मृत्यू, उलट सिद्ध होईपर्यंत, शिकारच मानायचा असतो. म्हणून मृतदेहाच्या आसपास सापळा, तार, गोळी आहे का, हे पाहणे आलेच. शेताच्या कुंपणात वीज सोडून जनावर मारले असेल, तर काढून लपवलेली तार हा मोठा पुरावा असतो.

न्यायालय काय पाहते?

सापळा सापडला, पण तो आरोपीचा कशावरून? इथे भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ येते (जुन्या कायद्यातील कलम २७). कोठडीतील आरोपीच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट उघड झाली, तर त्या सांगण्यातला तेवढाच भाग पुरावा म्हणून चालतो. उघड झालेली गोष्ट म्हणजे नुसती वस्तू नव्हे. ती जागा आणि आरोपीला तिची असलेली माहितीही त्यात येते, हे प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात स्पष्ट केले.

बचाव पक्षाचा ठरलेला सवाल असतो, ‘जंगल सर्वांसाठी खुले आहे, मग ही लपवलेली जागा कशी?’ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका खटल्यात त्याला उत्तर दिले. जागा खुली असली तरी वस्तू पुरलेली किंवा वाळलेल्या पानांखाली झाकलेली असेल आणि एरवी कुणाच्या नजरेस पडणारी नसेल, तर ती लपवलेलीच आहे.

त्यामुळे बीप वाजल्यावरची पहिली दहा मिनिटे निर्णायक. जागेचे दोऱ्या लावून पट्टे पाडायचे. थाळी जमिनीला समांतर ठेवून, आधीचा फेरा अर्धा झाकत पुढे सरकायचे. प्रत्येक बीपवर झेंडी रोवायची, उकरायचे नाही. बॉम्बशोधक व नाशक पथकाने सुरक्षित म्हटल्यावरच माती बाजूला करायची. फोटो, क्रमांक, पंचांसमक्ष पंचनामा, सील. दाट झाडीखाली जीपीएस काही मीटर चुकतो. त्यामुळे एखादे ठळक झाड किंवा खडक धरून टेपने मोजमाप घेणे अजूनही जास्त भरवशाचे.

स्फोटके निघाली तर हे वेळापत्रक कोलमडते. मे २०२४ मध्ये टिपागड परिसरात माओवाद्यांनी पुरून ठेवलेले स्फोटकांनी भरलेले प्रेशर कुकर आणि क्लेमोर पाइप सापडले. बॉम्बशोधक पथकाने ते जागेवरच निकामी केले. जिवंत स्फोटक न्यायालयात नेता येत नाही, त्यामुळे नष्ट करण्यापूर्वीचे फोटो, नमुने आणि पंचनामा हाच पुढे पुरावा उरतो.

नव्या कायद्याने काय बदलले?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे, मोबाइलवर केले तरी चालते. कलम १७६(३) नुसार सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचे आहे. ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. महाराष्ट्रात जानेवारी २०२५ मध्ये फिरत्या न्यायवैद्यक व्हॅन सुरू झाल्या.

व्हॅन आलापल्लीपर्यंत रस्त्याने जाईल. भामरागडलाही जाईल, पर्लकोटा नदीला पूर नसेल तर. त्यापुढच्या पाड्यावर गुन्हा घडला, तर डिटेक्टर, टेप, झेंड्या आणि सीलची पिशवी जवानांच्या पाठीवरूनच जाते आणि सापडलेले काडतूसही त्याच वाटेने परत येते.