सगळ्यांचा संगणक, एकच खातं

तालुक्याच्या गावातल्या एका अभ्यासिकेत चार संगणक आहेत आणि त्यांची देखभाल मी बघते. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली तिथे अर्ज भरतात, हॉल तिकीट काढतात, दाखले अपलोड करतात. एकदा प्रिंटर अडला म्हणून मी बसले आणि सहज डाउनलोडचा फोल्डर उघडला. आधार कार्डं, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो, पांढऱ्या कागदावर केलेल्या सह्यांचे स्कॅन. मुलींचे फोटो, आणि शेजारच्याच फाइलीत त्यांच्या घरचे पत्ते. यातलं काहीही कुणी चोरून आणलेलं नव्हतं. जो तो आपलं काम उरकून उठला होता आणि कागद मागे राहिले होते. चारही संगणकांवर एकच खातं होतं, त्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला होता, आणि ते खातं अॅडमिनचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी खाती वेगळी करायला आणि त्यांचे अधिकार कमी करायला घेतले, तर चहूकडून हरकती आल्या. हरकती घेणारी माणसं भली होती, पण काही गोष्टी त्यांच्या मनात चुकीच्या बसल्या होत्या. काही माझ्याही मनात होत्या.

“म्हणजे मुलांवर तुमचा विश्वास नाही?”

ही हरकत सगळ्यांत आधी आली आणि सगळ्यांत जास्त लागली. अधिकार कमी करणं म्हणजे बसणाऱ्यावर संशय घेणं, असा हा समज. पण वसतिगृहात प्रत्येकाला स्वतःची पेटी आणि तिचं कुलूप असतं, त्यात शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा अपमान कुणाला दिसत नाही.

पासवर्ड संगणकावर आला तोच मुळी एक यंत्र पुष्कळांनी वापरायचं म्हणून. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटानं १९६१ मध्ये सीटीएसएस नावाची प्रणाली चालवून दाखवली. एक मोठा संगणक, त्याला जोडलेली अनेक टर्मिनलं, प्रत्येकाच्या फायली वेगळ्या आणि प्रत्येकाला वेळही मोजून दिलेला. अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे आणि ते त्याच्या कामाला पुरायचे नाहीत. १९६२ मध्ये एका शुक्रवारी रात्री त्यानं पासवर्डची फाइल छापण्याची विनंती यंत्राला दिली, शनिवारी पहाटे जाऊन छापलेली यादी उचलली, आणि पुढे दुसऱ्यांच्या खात्यांतून आपलं काम चालू ठेवलं. तो गुन्हेगार नव्हता, त्याला फक्त वेळ हवा होता. आमच्याकडची मुलंही अशीच घाईत असतात.

त्याच यंत्रावरचा दुसरा प्रसंग मला याहून महत्त्वाचा वाटतो. काही वर्षांनी एके दिवशी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड पडद्यावर दिसू लागले. कुणीही खोडी काढली नव्हती. एका वेळी एका डिरेक्टरीत एकच माणूस काम करेल, असं धरून तिथला एडिटर बनवला होता. सोयीसाठी ती अट सैल केली गेली. मग व्यवस्थापकांपैकी एक जण स्वागताचा निरोप आणि दुसरा पासवर्डची यादी, एकाच डिरेक्टरीत एकाच वेळी दुरुस्त करत बसले आणि दोघांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली. दोघेही विश्वासू, दोघेही जाणकार. आमच्या डाउनलोड फोल्डरचं दुखणंही हेच होतं: एका जागी अनेक माणसं, आणि मधे भिंत नाही.

“पासवर्ड टाकलाय की, अजून काय हवं?”

पासवर्ड आत कोण येईल ते ठरवतो. आत आल्यावर त्या माणसाला काय करता येईल, ते खात्याचा प्रकार ठरवतो. विंडोजमध्ये मुख्य प्रकार दोन, अॅडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. संगणक नवा सुरू करताना जे पहिलं खातं तयार होतं ते अॅडमिनचं असतं, आणि बहुतेक ठिकाणी जन्मभर तेच वापरलं जातं. अॅडमिनला सगळ्यांसाठी सॉफ्टवेअर टाकता येतं, दुसऱ्यांचे पासवर्ड बदलता येतात, दुसऱ्यांचे फोल्डर उघडता येतात, अँटीव्हायरस बंद करता येतो. स्टँडर्ड खात्यातून यांतलं काहीही करायला गेलं की अॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो.

“पण अॅडमिनमध्येही ती खिडकी येतेच ना, परवानगी विचारणारी?” येते. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर ती घरोघरी पोहोचली. पण अॅडमिन खात्यात ती फक्त “हो की नाही” विचारते, आणि फॉर्मची शेवटची तारीख असलेला मुलगा काहीही न वाचता “हो” दाबतो. स्टँडर्ड खात्यात तिथे पासवर्ड लागतो, तो त्याच्याकडे नसतो, आणि म्हणून काम तिथेच थांबतं.

बदल करायला दहा मिनिटं लागतात, फक्त क्रम चुकवू नये. आधी नवं अॅडमिन खातं तयार करा, त्यात एकदा लॉगिन करून बघा, आणि मगच जुन्या खात्याचा प्रकार स्टँडर्ड करा.

याच पासवर्डबद्दलचा आणखी एक समज मोडायला हवा. खात्याचा पासवर्ड फायलींना कुलूप लावत नाही. पेनड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू केली, किंवा हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर विंडोजचा पासवर्ड विचारायला तिथे कुणीच नसतं. त्यासाठी डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर त्यासाठीच आहे. त्याची रिकव्हरी की मात्र त्याच संगणकावर ठेवू नका, कागदावर छापून कपाटात ठेवा, कारण ती हरवली तर फायली तुमच्याही हाती लागणार नाहीत. शिवाय बायोसला पासवर्ड लावून पेनड्राइव्हवरून सुरू होणं बंद करावं.

“डी ड्राइव्हवर ठेव, तिथे सुरक्षित राहतं”

हे वाक्य आपल्याकडे प्रत्येकानं ऐकलेलं आहे. विंडोज बिघडलं की दुकानदार सी ड्राइव्ह फॉरमॅट मारतो आणि डी वाचतो, म्हणून कामाचं सगळं डीवर ठेवायची सवय लागली. फॉरमॅटपुरतं ते बरोबर आहे, पण खाती वेगळी केल्यावर तीच सवय उलटते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड हे फोल्डर ज्याच्या त्याच्या खात्यात असतात आणि दुसऱ्या स्टँडर्ड खात्याला ते उघडत नाहीत. डी ड्राइव्हवर मात्र, मुद्दाम परवानग्या बदलल्या नसतील तर, संगणकावर खातं असलेल्या कुणालाही वाचता येतं, बहुधा बदलता आणि पुसताही येतं. मी खाती वेगळी केली आणि निश्चिंत झाले. महिनाभरानं डीवर बघते तर पुन्हा तोच दाखल्यांचा ढीग. चूक माझी होती, मी कुणाला सांगितलंच नव्हतं. आता डीच्या परवानग्या बदलल्या आहेत आणि मुलांना कारणासकट सांगितलं आहे.

लिनक्स असेल तर हा प्रश्नच येत नाही, असंही काही जण म्हणतात. तिथे खात्यांची विभागणी पहिल्यापासून पक्की आहे, हे खरं. पण उबुंटू या लिनक्समध्ये २१.०४ च्या आधीच्या आवृत्त्यांत एकाच्या होम फोल्डरमधलं दुसऱ्याला सहसा वाचता यायचं. कुठलीही प्रणाली असो, दुसऱ्या खात्यातून आपली फाइल उघडते का हे एकदा स्वतः उघडून बघावं.

“मी इनकॉग्निटोमध्येच उघडते, काही राहत नाही”

ही समजूत सगळ्यांत जास्त पसरलेली आहे आणि मुलींना तर ती कुणीतरी मुद्दाम शिकवलेली असते. इनकॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद केल्यावर त्या संगणकावरची ब्राउझिंग हिस्ट्री आणि कुकीज जातात, इतकंच. डाउनलोड केलेली फाइल जिथल्या तिथे राहते. संगणकावर कळा टिपणारं सॉफ्टवेअर कुणी टाकलं असेल, तर ते इनकॉग्निटोतला पासवर्डही टिपतं. आणि इनकॉग्निटोची एक खिडकी उघडी राहिली असेल तर लॉगिनही तसंच राहतं. साध्या खिडकीत टॅब बंद केल्यानं तर लॉगआउट होतच नाही.

ई-आधारचं उदाहरण घ्या. ती पीडीएफ पासवर्डनं बंद असते, म्हणून मागे राहिली तरी चालेल असं वाटतं. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं साल. त्याच फोल्डरमध्ये परीक्षेचा अर्ज पडलेला असतो आणि त्यावर नाव आणि जन्मतारीख दोन्ही छापलेली असतात. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयानं एक सूचना काढली होती, तिच्यात सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवणं टाळा आणि उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा, असं म्हटलं होतं. सूचनेचा चुकीचा अर्थ लावला जाईल म्हणून सरकारनं ती दोन दिवसांत मागे घेतली, आणि लोकांनी त्यातला हा सल्लाही चुकीचा धरला. माझ्या मते तो आजही पाळण्यासारखा आहे. कायमची पुसायची म्हणजे रिसायकल बिनमधूनसुद्धा.

व्हॉट्सअॅप वेब तिथेच उघडं राहिलं असेल, तर फोनमध्ये “लिंक्ड डिव्हायसेस” उघडून घरबसल्या बंद करता येतं. हे आज, हा लेख खाली ठेवून केलं तरी चालेल.

“राइट्स काढले, आता व्हायरसची चिंता नाही”

स्टँडर्ड खातं नुकसान आवळून धरतं, पण पूर्ण थांबवत नाही. काही सॉफ्टवेअरं फक्त त्या खात्यापुरती बसतात आणि त्यांना अॅडमिन लागत नाही. क्रोमसुद्धा असं बसू शकतं. जे क्रोमला जमतं ते खंडणीखोर व्हायरसलाही जमतं: त्या खात्याला ज्या ज्या फायली बदलता येतात, त्या सगळ्या तो कुलूपबंद करू शकतो. ठरलेल्या जागेबाहेरून कुठलाही प्रोग्राम चालूच द्यायचा नाही, अशी सोय विंडोजमध्ये आहे. ती लावायला जाणकार लागतो, पण शाळेच्या लॅबमध्ये ती लावलेली बरी.

मोठी भोकं तर खात्याच्या खालून असतात. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं कुणाचं खातं कसलं आहे हे विचारलंच नाही. विंडोजच्या नेटवर्कच्या भागातल्या चुकीतून तो थेट सर्वोच्च अधिकारानं आत शिरला. त्या चुकीवरचा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला होता, त्यांच्याकडे वॉनाक्राय त्या भोकातून शिरू शकला नाही. विंडोज १० चे मोफत नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आहेत. आपल्याकडच्या कितीतरी लॅब अजून त्यावरच चालतात, तेव्हा तिथे नुसत्या खात्यांच्या शिस्तीवर विसंबता येणार नाही.

इथेच “डीप फ्रीझ टाका” हा सल्ला येतो. रीस्टार्ट केलं की संगणक पूर्ववत होतो, दिवसभराचा सगळा कचरा जातो. मायक्रोसॉफ्टनंही स्टेडीस्टेट नावानं असंच साधन फुकट दिलं होतं, २०१० अखेर ते बंद केलं. साधन चांगलंच आहे. पण दोन रीस्टार्टांच्या मधे दहा जण बसले, तर त्या दहा जणांत काहीच पुसलं जात नाही. आणि अपडेटसाठी वेळोवेळी बर्फ वितळवला नाही, तर संगणक रोज सकाळी त्याच जुन्या भोकासह उठतो. एका मुलीचा अर्धा लिहिलेला निबंधही असाच गेला. मुलांना त्यांचं काम ठेवायला वेगळी जागा न देता डीप फ्रीझ लावू नये, हे मी त्या दिवशी शिकले.

काही दुकानांत कंट्रोल पॅनल आणि सी ड्राइव्हची चिन्हं लपवून ठेवतात. चिन्ह लपवल्यानं दार बंद होत नाही. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामच्या “ओपन”मध्ये पत्ता टाइप केला की तो ड्राइव्ह उघडू शकतो.

“रजिस्टरात नाव लिहून घेतो आम्ही”

सायबर कॅफेंसाठी केंद्राचे २०११ चे नियम आहेत. ओळखपत्र बघणं, कोण कधी बसलं आणि कधी उठलं त्याची नोंद किमान एक वर्ष ठेवणं, आडोसे साडेचार फुटांपेक्षा उंच नसणं, हे सगळं त्यांत आहे. पण रजिस्टर माणूस कधी बसला ते सांगतं, अमुक फाइल कुणी उघडली ते सांगत नाही. सगळे एकाच खात्यातून गेले असतील, तर संगणकाच्या नोंदीत सगळ्यांचं नाव एकच. उद्या पोलिसांनी विचारलं तर निरपराध मुलाकडे आपण काही केलं नाही हे दाखवायला काहीच उरत नाही. वेगळ्या खात्यानं सगळ्यांत जास्त राखण होते ती त्याची.

हेच पासवर्ड आणि डिजिटल सहीच्या टोकनबद्दल. अनेक कार्यालयांत टोकन संगणकालाच खोचलेलं राहतं आणि पिन ऑपरेटरला पाठ असतो, कारण साहेबांना वेळ नसतो. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमाखाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ऑपरेटर प्रामाणिक असला तरी चुकीचं बिल गेल्यावर ते कुणाच्या हातून गेलं, हे सिद्ध करता येत नाही, आणि पहिलं बोट त्या कमी पगाराच्या मुलाकडे वळतं.

आमच्या अभ्यासिकेत आता प्रत्येकाला स्वतःचं स्टँडर्ड खातं आहे आणि बाहेरून एका दिवसासाठी येणाऱ्यांसाठी एक पाहुण्यांचं खातं, ते मी रोज रात्री रिकामं करते. अॅडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात, ग्रंथपालांच्या कपाटात. पाकीट फोडलं की तारीख, कारण आणि दोन सह्या, मग नवा पासवर्ड आणि नवं पाकीट. वहीतली शेवटची नोंद प्रिंटरच्या ड्रायव्हरची आहे.