क्लिक केलंत, पुढे काय?

खरं सांगा, तुमच्या ऑफिसात किती जणांकडे भारीतला कॅमेरा आहे? आमच्याकडे दर तिसरा माणूस वीकएण्ड फोटोग्राफर! आणि लंच टाइमला हमखास पेटणारा वाद एकच: फोटोनं काही बदलतं का राव?

अशा वेळी मी सुधारक ओलवेंचं नाव घेतो. मुंबईचे फोटोजर्नालिस्ट. महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर ते वर्षानुवर्षं फिरले. उघड्या अंगानं मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस, हातमोज्यांशिवाय कचरा भरणारे हात, मग त्यांची घरं, बायकापोरं. सगळं ब्लॅक अँड व्हाइट. (रंगीत असतं तर आपण नाक मुरडून पान उलटलं असतं, असं माझं स्पष्ट मत.) हे कामगार बहुतेक सगळे दलित, हे त्या फोटोंमुळे नजरेआड करता येत नाही. २००५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’नं त्यांना गौरवलं, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि मॅनहोल? सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आली. तरी माणसं आत गुदमरून मरतातच. म्हणजे फोटो फेल? मला नाही तसं वाटत. पण नुसत्या फोटोनं भागत नाही, हेही खरं.

आपल्या पुण्यातला मला सगळ्यात ग्रेट वाटणारा फोटो तर पासपोर्ट साइजचा आहे. १९९३ मध्ये इथं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरा वेचणाऱ्यांची, त्यात बहुतेक बायकाच. पंचायतीनं ओळखपत्रं काढली आणि काही वर्षांतच महापालिकेनं त्यांना मान्यता दिली. तोवर खांद्यावर पोतं दिसलं की लोक चोर समजायचे, पोलीसही हटकायचे. आता दाखवायला कार्ड होतं. पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ सहकारी संस्था आली, नि याच बायका दारोदार कचरा गोळा करू लागल्या. त्या फोटोत ना लाइट, ना अँगल. बाई सरळ लेन्समध्ये बघतेय. फोटो तिनं काढून घेतलाय आणि तो तिच्याकडेच आहे.

आपण मंडईत सुरकुतलेल्या आजींचा क्लोजअप घेतो, नेटवर टाकतो, ‘ऑसम’ मोजतो. आजींना पत्ताच नाही! एक प्रिंट काढायला कितीसा खर्च येतो हो? पुढच्या रविवारी ती खिशात टाकून जा. आजी बहुधा त्याच गाळ्यावर असतील. आणि फोटो आवडला नाही तर तोंडावर सांगतील, पुण्याच्याच आहेत त्या.