एका ओळीतलं आभाळ

मेटार व्हीएबीबी १२०८३०झेड २४०१८केटी १५०० +आरए एससीटी०१२ एफईडब्ल्यू०२५सीबी ओव्हीसी०८० २६/२५ क्यू१००२ टेम्पो ०८००

काही कळलं? पहिल्यांदा पाहणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. पण मुंबईची ऐन पावसाळ्यातली एक दुपार या ओळीत अख्खी मावली आहे. नमुन्यासाठी ती मी रचली असली, तरी हुबेहूब अशा ओळी मुंबई विमानतळावरून दर अर्ध्या तासाला, रात्रंदिवस, जगभर जात असतात. उड्डाणाआधी वैमानिकाच्या हाती हवामानाची जी माहिती पडते, तिचा पाया म्हणजे हा ‘मेटार’. चला, उलगडून पाहू.

व्हीएबीबी म्हणजे मुंबई. पुण्याचं नाव व्हीएपीओ, नागपूरचं व्हीएएनपी. पुढचे १२०८३० हे आकडे सांगतात १२ तारीख आणि साडेआठची वेळ. ही वेळ ग्रिनिचची, म्हणजे आपल्याकडे दुपारचे दोन वाजलेले. विमानांच्या जगात घड्याळ एकच! टोकियोचा अहवाल असो की टोरांटोचा, वेळेचा हिशेब सगळ्यांचा सारखा.

२४०१८केटी हा वारा. उत्तरेपासून मोजलेल्या २४० अंशांकडून, म्हणजे नैर्ऋत्येकडून, १८ नॉट वेगाने येणारा. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचं पश्चिमेकडे तोंड करणारं टोक २७ क्रमांकाचं, म्हणजे साधारण २७० अंशांचं. वारा तिच्याशी ३० अंशांचा कोन करून येतोय. वैमानिक मनातल्या मनात गणित करतो: निम्मा वारा आडवा, ९ नॉट, समोरून साधारण १६ नॉट. चालेल!

१५०० म्हणजे दीड किलोमीटरपर्यंतच दिसतंय. +आरए म्हणजे जोरदार पाऊस. त्यानंतर ढग. हवामानशास्त्रज्ञ आभाळाचे आठ भाग कल्पतात आणि त्यातले किती झाकलेत ते मोजतात. एससीटी म्हणजे तीन ते चार भाग, एफईडब्ल्यू म्हणजे एक ते दोन, ओव्हीसी म्हणजे आठही भाग भरलेले. पुढचे आकडे शंभर फुटांच्या पटीत ढगांची उंची सांगतात. आणि ती छोटी ‘सीबी’ अक्षरं? ती दिसली की वैमानिक सावरून बसतो, कारण सीबी म्हणजे क्युम्युलोनिंबस, गडगडाटी पावसाचा उंचच उंच ढग.

पण ढग १,२०० फुटांवर आहे, हे जमिनीवरून कसं कळतं? सीलोमीटर नावाचं यंत्र लेझरचा एक स्पंद वर सोडतं. तो ढगाच्या तळावर आपटून परततो आणि यंत्र त्याचा वेळ मोजतं. १,२०० फुटांवर जाऊन यायला प्रकाशाला किती वेळ लागतो? सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातले जेमतेम अडीच. एवढ्यात ढगाची उंची कळते! धुक्यासाठी वेगळं साधन आहे. धावपट्टीशेजारी थोड्या अंतरावर दोन खांब असतात. एकातून निघालेला प्रकाश दुसऱ्यापर्यंत किती पोचला, यावरून दृश्यमानता निघते. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने बनवलेलं असं ‘दृष्टी’ नावाचं यंत्र आज देशातल्या अनेक विमानतळांवर काम करतं आहे.

२६/२५ म्हणजे तापमान आणि दवबिंदू. आता क्यू१००२. विमान आपली उंची हवेच्या दाबावरून ओळखतं: वर जावं तसा दाब कमी. पण जमिनीवरचा दाबही रोज बदलतो, आणि समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे २७ फूट. समजा वैमानिकाने उंचीमापकावर १००२ ऐवजी १०१३ तसाच राहू दिला. यंत्र त्याला ३०० फूट जास्त उंची दाखवेल. चार अंकांच्या त्या एका संख्येत ३०० फूट दडलेत! आणि गंमत पुढेच आहे. एका ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर सगळी विमानं स्थानिक दाब सोडून एकच ठरावीक आकडा लावतात, १०१३.२. मग समुद्रापासूनची त्यांची उंची थोडी चुकते, पण सगळ्यांची सारखीच चुकते, म्हणून एकमेकांतलं अंतर पक्कं राहतं. टक्कर टाळायला हवं असतं ते नेमकं तेच.

शेवटचं टेम्पो ०८०० हे पुढच्या दोन तासांचं भाकीत: अधूनमधून दृश्यमानता ८०० मीटरपर्यंत घसरेल. त्यापुढच्या काळासाठी ‘टाफ’ असतो. मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांचा टाफ पुढच्या ३० तासांपर्यंतचं सांगतो. लंडनहून निघणाऱ्या वैमानिकाला आपण पोचू तेव्हा मुंबईत काय चाललं असेल, हे तिथे बसूनच वाचता येतं.

हे झालं जमिनीजवळचं. ३५,००० फुटांवर वारा कसा आहे, हे कोण सांगणार? तिथे फुगे कामाला येतात. जगभरातल्या शेकडो केंद्रांवरून रोज दोनदा, भारतीय वेळेनुसार पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, हवामानाचे फुगे सोडले जातात. सगळीकडे एकाच वेळी, त्या एकाच घड्याळाने! फुगा सुमारे ३० किलोमीटर वर जातो, फुगत फुगत शेवटी फुटतो आणि तोवर त्याला टांगलेलं छोटं यंत्र तापमान, आर्द्रता आणि वारा रेडिओवरून कळवत राहतं.

फुग्यांनीच एक अचाट गोष्ट दाखवली. १९२० च्या दशकात जपानमधल्या तातेनो वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी फुगे सोडून वारे मोजत होते. हिवाळ्यात उंचावर त्यांना ताशी २०० किलोमीटरहून वेगाचा वारा सापडला. हा शोध जगाने वाचावा म्हणून त्यांनी १९२६ साली तो एस्पेरांतो या रचलेल्या जागतिक भाषेत छापला. परिणाम असा की तो जवळजवळ कुणीच वाचला नाही! १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर पोचली, तेव्हा त्यांना हाच वारा अचानक भेटला. आज आपण त्याला जेट स्ट्रीम म्हणतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या या प्रवाहामुळेच मुंबई-लंडन प्रवासाला लंडन-मुंबईपेक्षा जास्त वेळ लागतो. सबंध पृथ्वीवरच्या उंच वाऱ्यांचा अंदाज आज फक्त दोन केंद्रं देतात, एक ब्रिटनमधलं आणि एक अमेरिकेतलं. एक बंद पडलं तर दुसरं त्याचा भार उचलतं. कोणत्या वाटेने जायचं आणि किती इंधन भरायचं, याचं गणित त्या अंदाजावर बसवलेलं असतं.

आणि आता सर्वांत थरारक शोध. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कला उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं ६६ क्रमांकाचं उड्डाण कोसळलं. शंभरहून अधिक माणसं गेली. थोड्याच वेळापूर्वी इतर विमानं तिथेच सुखरूप उतरली होती. मग एवढ्यात हवेत बदललं तरी काय? तेत्सुया फुजिता या शास्त्रज्ञाला तपास सोपवण्यात आला. फुजिता तरुणपणी जपानमधल्या कोकुरा भागात राहत. ९ ऑगस्ट १९४५ चा अणुबॉम्ब आधी कोकुरावरच पडायचा होता. तिथे खालचं काही दिसेना, म्हणून तो नागासाकीवर पडला. काही आठवड्यांनी ते पाहणीसाठी नागासाकीला गेले, तेव्हा स्फोटाच्या केंद्रापासून सगळ्या दिशांना बाहेर आडवी पडलेली झाडं त्यांनी पाहिली. सुमारे तीस वर्षांनी, अमेरिकेतल्या वादळांनंतर विमानातून पाहणी करताना, तशीच पडलेली झाडं त्यांना पुन्हा दिसली. मग ढगातूनही असंच काही वेगाने खाली आदळत असेल का?

होय! नळाची जाड धार मोरीच्या फरशीवर आपटते आणि चहूकडे पसरते, तशी गडगडाटी ढगातून थंड हवा कोसळते आणि जमिनीवर आपटून पसरते. तिच्यात शिरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा मिळतो आणि ते उचललं जातं. वैमानिक शक्ती कमी करतो. मग खाली दाबणारी हवा, आणि लगेच मागून वारा. पंखांखालचा आधारच नाहीसा. हा सगळा खेळ काही मिनिटांचा आणि जेमतेम चार किलोमीटरच्या आतला. अनेकांना हे पटलं नाही. पण १९७८ साली शिकागोजवळ डॉपलर रडार लावून फुजितांनी हा ‘मायक्रोबर्स्ट’ प्रत्यक्ष टिपला. आज अनेक विमानतळांवरची रडार आणि वारामापकं, आणि विमानातलीच यंत्रं, याचा इशारा देतात. वैमानिक सिम्युलेटरमध्ये त्यातून सुटण्याचा सराव करतात.

या साऱ्या व्यवस्थेत आणखी एक चमत्कार आहे. अनेक प्रवासी विमानं उडता उडता स्वतःच वारा आणि तापमान मोजतात आणि ते आपोआप खाली पाठवतात. तीच मोजमापं पुढच्या अंदाजाच्या गणितात जातात. २०२० मध्ये कोरोनामुळे उड्डाणं थांबली, तेव्हा ही मोजमापं एकदम आटली आणि जगभरच्या हवामान संस्था चिंतेत पडल्या. म्हणजे आकाशात असलेलं असं प्रत्येक विमान मागून येणाऱ्यासाठी वाट तपासत असतं!

सीमा, भाषा, भांडणं असूनही या कामात सगळे देश एकाच लिपीत, एकाच घड्याळाने एकमेकांना आभाळ कळवत असतात, कारण दुसऱ्याच्या आभाळाची खबर नसेल तर आपलं विमान उडवणं धोक्याचं, हे सगळ्यांनाच कळतं. आणि हे अहवाल गुप्त नाहीत. आता तुम्हाला ते वाचता येतात. पुढच्या वेळी विमान उशिरा सुटतंय अशी घोषणा झाली, तर मोबाइलवर आपल्या विमानतळाचा मेटार काढा आणि ढगांच्या आकड्यांपुढे ‘सीबी’ आहे का ते बघा. कुणीतरी तुमच्यासाठी का थांबलंय, ते तुम्हाला स्वतःला वाचता येईल.