कच्छच्या रणाची हिवाळी सफर : धंद्याचे गणित सांभाळून

दुकानदार आणि कारागीर माणसाला सुट्टी मिळत नाही, ती काढावी लागते. नोकरदाराचा पगार रजेतही चालू राहतो, आपले शटर खाली आले की त्या दिवसाची कमाई गेली. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांची सफर म्हणजे नात्यातले लग्न किंवा मयत, एवढीच असते. पण पृथ्वीवर फिरून पाहा, याकडे कुरआनने वारंवार लक्ष वेधले आहे. बेत नीट आखला तर आठ दिवसांची सफर धंद्याला मारक ठरत नाही, उलट काही शिकवून जाते. दवनीवाडा परिसरातील बंधूंसाठी अशा एका सफरीचा आराखडा येथे देत आहोत. ठिकाण आहे गुजरातमधील कच्छचे रण.

कच्छच का?

हिवाळ्यात रणात दिवसा ऊन कोवळे, हवा कोरडी आणि पारा साधारण २५ ते २८ अंशांवर असतो. मात्र वाळवंट म्हणजे उष्णता, अशा समजुतीत राहू नये. रात्री भूजला पारा १० अंशांपर्यंत उतरतो आणि उघड्या रणात वारा झोंबतो. आपल्या गोंदियातही थंडीच्या लाटेत पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा घरची शाल-स्वेटर तिकडेही लागेलच.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कच्छमधील छपाई, बांधणी, रोगन आणि लोहारकाम यांत मुस्लिम कारागिरांचा मोठा वाटा आहे. हाताच्या कामाला जगात भाव कसा मिळवावा, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते.

केव्हा निघावे?

आपला परिसर धानाचा. धान विकले गेले की उधारी सुटते, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुकान सोडणे परवडत नाही. तिकडे पावसाळ्यात रणात पाणी भरते, ते आटल्यावरच मीठ पांढरेशुभ्र दिसते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी उत्तम.

आता रमजानचा हिशेब पाहा. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२५ मध्ये तो मार्चच्या आरंभी होता. २०२७ मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आणि २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. नेमका दिवस चंद्रदर्शनावर. २०३० मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. कापड, शिलाई, बांगड्या, अत्तर यांच्या धंद्याला ईदचा हंगाम म्हणजे वर्षाची कमाई. माल भरायला निदान तीन आठवडे हाती हवेत. म्हणून २०२७ साठी नाताळची गर्दी ओसरल्यानंतरचा जानेवारीचा पहिला पंधरवडा योग्य. २०२८ चा हंगाम धरणाऱ्यांनी मात्र उधारी लवकर आवरून डिसेंबर २०२७ च्या पहिल्या पंधरवड्यातच जाऊन यावे.

पौर्णिमेच्या रात्री पांढरे रण पाहायला मोठी गर्दी होते, राहण्याचे दरही चढतात. पौर्णिमा म्हणजे आपल्या महिन्याची चौदा-पंधरा तारीख. अकरा-बारा तारखेला पोहोचलात तर चांदणे जवळपास तेवढेच आणि गर्दी कमी.

कसे जावे?

दवनीवाड्याहून गोंदिया गाठावे. हावडा-अहमदाबाद एक्सप्रेस गोंदियाला थांबते आणि नागपूर, भुसावळ, सुरतमार्गे अहमदाबादला जाते. गाडीत एक रात्र काढावी लागते. अहमदाबाद ते भूज हे रेल्वेचे अंतर सुमारे ३६० किलोमीटर. सप्टेंबर २०२४ मध्ये या मार्गावर नमो भारत रॅपिड रेल सुरू झाली. याशिवाय मुंबईहून येणाऱ्या गाड्या आणि बसही आहेत.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. तारीख ठरली की दोन महिने आधी पहिल्याच दिवशी जाता-येताची तिकिटे काढावीत. तत्काळच्या भरवशावर कुटुंब घेऊन निघू नये. ऑनलाइन तत्काळसाठी जुलै २०२५ पासून आधार पडताळणी लागते, हेही ध्यानात असावे.

कोठे राहावे, काय पाहावे?

रण उत्सवाची तंबूनगरी धोरडो गावाजवळ उभी राहते. तिचे दर आपल्यासारख्यांना जड जातात. भूज शहरात साध्या लॉजमध्ये मुक्काम करून रोज एका दिशेला जाणे स्वस्त पडते. होडको गावात मातीच्या गोल झोपड्यांत, म्हणजे भुंग्यांत, राहण्याची सोय आहे. कच्छ हा क्षेत्रफळाने देशातील सर्वात मोठा जिल्हा आहे. अंतरे लांब आहेत, म्हणून चार-सहा जणांनी मिळून गाडी ठरवावी.

पहिला दिवस : अजरखपूर. भूजजवळचे हे गाव २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर वसले. मूळ धमडका गावचे पाणी रंगकामाला योग्य राहिले नाही, म्हणून खत्री छपाईकारांनी नवी जागा निवडली. अजरखचे कापड हिरड्यात बुडवतात, चुना आणि डिंकाचे ठसे मारतात, लोखंडाचा गंज व गूळ आंबवून काळा रंग करतात, नीळ आणि मंजिष्ठेत रंगवतात. हे टप्पे डझनाहून अधिक असतात. आपल्या जंगलातला हिरडा तेथे काय मोलाचा होतो, हे पाहण्यासारखे आहे. २०२४ मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकन मिळाले.

दुसरा दिवस : निरोणा. एरंडीचे तेल शिजवून घट्ट करतात, त्यात रंग मिसळतात आणि लोखंडी काडीने कापडावर नक्षी ओढतात, ते रोगन काम. या कलेसाठी अब्दुल गफूर खत्री यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. याच गावात लोहार पत्र्याच्या तुकड्यांतून, जोडकामाशिवाय, तांब्याचा मुलामा दिलेल्या घंटा घडवतात.

तिसरा दिवस : पांढरे रण. हा सीमाभाग असल्याने परवाना लागतो. तो ऑनलाइन किंवा भिरंडियारा नाक्यावर मिळतो. प्रत्येकाचे ओळखपत्र आणि त्याच्या दोन झेरॉक्स जवळ ठेवाव्यात. वाटेत बन्नीचा गवताळ प्रदेश लागतो. तेथील मालधारी म्हशी पाळतात, भिरंडियाऱ्याचा मावा प्रसिद्ध आहे. धोरडोला २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्कृष्ट पर्यटन गावांच्या यादीत स्थान दिले.

चौथा दिवस भूजच्या बाजारासाठी आणि विश्रांतीसाठी मोकळा ठेवावा.

खरेदीत सावधगिरी

बाजारात यंत्रावर छापलेले कापडही ‘अजरख’ म्हणून विकले जाते. हातछपाईत ठशांच्या जोडावर बारीकसा फरक दिसतो, यंत्राची छपाई एकसारखी असते. शक्यतो कारागिराच्या घरूनच माल घ्यावा. आणि एक विनंती : आपण स्वतः मेहनतीचा भाव मागतो, तर दुसऱ्याच्या मेहनतीचा भाव पाडू नये.

विक्रीसाठी माल आणणार असाल तर पक्के बिल घ्यावे. ५० हजार रुपयांवरील मालाला ई-वे बिलाचा नियम आधी आपल्या कर सल्लागाराकडून समजून घ्यावा. स्लीपर डब्यात माणशी ४० किलो सामान मोफत नेता येते, जास्त असेल तर पार्सल कार्यालयात बुक करावे. पहिल्या फेरीत थोडाच नमुना आणावा. दवनीवाड्याच्या गिऱ्हाईकाला काय रुचते, ते पाहून पुढची मागणी द्यावी.

पैशाची तजवीज

सफरीसाठी व्याजाचे कर्ज काढू नये आणि भांडवलाला हात लावू नये. बिछायतीचा पैसा सफरीत गेला तर ईदला दुकान रिकामे राहते. तिकीट, मुक्काम, गाडी, जेवण आणि अडीअडचण असे पाच भाग कागदावर मांडावेत. येणाऱ्या बेरजेला दहा महिन्यांनी भागावे आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या डब्यात टाकावी. खरेदीची रक्कम या हिशेबात मिसळू नये.

दुकान भाऊ किंवा मुलगा सांभाळणार असेल तर उधारीची वही, मालाची यादी आणि घाऊक व्यापाऱ्याचा फोन त्याच्या हाती देऊन निघावे. कारागिरांनी घेतलेली कामे आधी पोहोचती करावीत आणि परतण्याची तारीख गिऱ्हाइकाला सांगून ठेवावी. वायदा पाळणाऱ्याचे गिऱ्हाईक आठ दिवस थांबते. वायदा न पाळणाऱ्याकडचे गिऱ्हाईक दुकान उघडे असतानाही निघून जाते.